ठाण्यात बाहेर जेवायला जाताय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

घोडबंदर रोड, कोलशेत, माजिवडा या भागांत दर महिन्याला नवी कुटुंबं राहायला येतात. कुणी गिरगाव-परळहून, कुणी नाशिक-कोल्हापूरहून, कुणी राज्याबाहेरून. सामान लागलं, गॅस जोडला गेला, की पहिल्याच रविवारी विचारणा होते: जेवायला कुठे जायचं? त्या आणि त्यापाठोपाठ येणाऱ्या प्रश्नांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत.

माझं मत आधीच सांगते. ठाण्यातलं चांगलं खाणं मॉलच्या फूड कोर्टात फारसं मिळत नाही. ते नौपाड्याच्या गल्ल्यांत, स्टेशनच्या आसपास आणि जुन्या गावठाणांत आहे, आणि ते तिथे जाऊन, बसूनच खावं.

नवीनच आलोय. सुरुवात कुठून करू?

मामलेदार मिसळीपासून. स्टेशनजवळ मामलेदार कचेरीच्या आवारात मुर्डेश्वर कुटुंबाने कॅन्टीन चालवायला घेतलं, कचेरीत सातबारा काढायला आलेली माणसं, वकील, कारकून तिथे मिसळ खाऊ लागले आणि कचेरीचंच नाव मिसळीला चिकटलं. आता तिच्या शाखा बऱ्याच ठिकाणी आहेत, पण पहिल्यांदा खाणार असाल तर कचेरीजवळच जा.

तिथे थाटमाट शोधू नका. बाकड्यावर जागा मिळेल तिथे बसायचं, समोर अनोळखी माणूस येऊन बसला तर पाय आवरून घ्यायचे. मिसळ येते ती खोलगट ताटलीत: खाली पांढऱ्या वाटाण्याची उसळ, वर फरसाण, त्यावर रस्सा, आणि कडेने पसरत जाणारी लाल तर्री. फरसाण पूर्ण भिजायच्या आत पहिले चार घास घ्यावेत. नंतर रस्सा मागवावा आणि पावाचा दुसरा जोड घ्यावा.

तिखट झेपेल का? मुलांचं काय?

ऑर्डर देतानाच 'कमी तिखट', 'मध्यम' की 'तिखट' ते सांगायचं. मामलेदारला 'मध्यम' म्हणजे बाहेरच्या बऱ्याच ठिकाणचं 'तिखट' हे लक्षात ठेवा. पहिल्यांदा कमी तिखटच घ्या. मुलांसाठी तर्री बाजूला काढायला सांगा आणि सोबत ताक मागवा. पाण्याने तिखट उतरत नाही, ताकाने उतरतं.

कोल्हापूर-नाशिककडून आलेल्यांना इथली मिसळ वेगळी वाटते, कारण तिकडे बहुतेक मटकी असते आणि मसाल्याची घडणही निराळी असते. तुलना करत बसू नका. दोन्ही आपापल्या गावच्या आहेत.

ठाण्याचा वडापाव खरंच वेगळा आहे का?

हो. आणि ठाणेकर त्यावर तावातावाने भांडतात, तेव्हा कुणाचीही बाजू चटकन घेऊ नका. नौपाड्यातल्या गजाननकडे वड्याबरोबर पातळसर पिवळी बेसनाची चटणी मिळते, तिच्यासाठी लोक मुद्दाम वाकडी वाट करून येतात. स्टेशनसमोर कुंजविहारचा वडा आकाराने मोठा, एकात पोट भरावं असा. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून निघालेली देशातली पहिली प्रवासी गाडी याच ठाण्याला येऊन थांबली होती, आणि आजही गाडीतून उतरलेल्या माणसाला घरी जायच्या आधी काहीतरी गरम खायचं असतं. स्टेशन परिसरातली खाद्यसंस्कृती उभी राहिली ती या संध्याकाळच्या भुकेवर.

वडा मात्र कढईतून निघताना घ्या. थाळ्यात रचून ठेवलेला वडा कितीही नावाजलेला असला तरी अर्धा गेलेला असतो. दोन मिनिटं थांबायची तयारी ठेवा आणि 'गरम निघतोय का?' एवढं विचारा. कुणी रागावत नाही.

उडपी हॉटेलात तर सगळंच असतं. नेमकं काय मागवावं?

घड्याळ बघून मागवा. सकाळी सात ते अकरा इडली, मेदूवडा, उपमा, डोसा. पीठ ताजं असतं, तवा सतत तापलेला असतो. दुपारी बारा ते तीन राईस प्लेट. संध्याकाळी पावभाजी, सँडविच, चाट. रात्री पंजाबी आणि चायनीज. दुपारी चारला पनीर हंडी मागवलीत तर स्वयंपाकघर अर्धं बंद असतं, भट्टी विझलेली असते, आणि जे येतं ते गरम केलेलं असतं. तो दोष हॉटेलचा कमी, वेळेचा जास्त.

उडुपी-मंगळूरकडची माणसं ही हॉटेलं पिढ्यान्‌पिढ्या चालवत आली. त्यांच्या सांबाराला गुळाची किंचित गोडी असते, ती त्यांच्या मुलुखाची चव आहे. बिघडलंय म्हणून परत पाठवू नका. सांबार-चटणी बहुतेक ठिकाणी पुन्हा वाढतात, फक्त मागावी लागते.

आणखी एक, याच हॉटेलांत सहसा खाली साधा आणि वर किंवा आत एसी विभाग असतो. पदार्थ तोच, दर वेगळा. तासभर गप्पा मारायच्या असतील तर एसीत बसा, नाहीतर खालीच बरं. खाली वाढणं झपाट्याने होतं.

मासे खायचे आहेत. चांगलं हॉटेल कसं ओळखायचं?

आत शिरल्यावर मेनूकार्ड उघडू नका. आधी विचारा: 'आज काय ताजं आलंय?' चांगल्या ठिकाणी वेटर क्षणात सांगतो: बांगडा छान आहे, सुरमई आहे, पापलेट आज मोठं नाही. 'सगळं आहे' असं उत्तर आलं तर मी कोंबडी वडे मागवते.

मेनूवर पापलेट किंवा खेकड्यासमोर दराऐवजी 'एपीएस' लिहिलेलं असतं, म्हणजे भाव आकाराप्रमाणे. इथे लाजायचं नाही. मासा आणून दाखवायला सांगायचं, दर विचारायचा, मग होय म्हणायचं. बिल आल्यावर वाद घालण्यापेक्षा हे दोघांनाही सोयीचं.

बोंबील फ्राय हा स्वयंपाक्याच्या हाताची परीक्षा घेणारा पदार्थ. बोंबलात पाणी फार. तो चिरून, वजनाखाली दाबून, पाणी काढून, मग रवा लावून तळावा लागतो. हे न करणाऱ्यांचा बोंबील बाहेरून लाल दिसतो आणि आत लगदा निघतो. बोंबील जमणाऱ्याचा बाकीचा माल डोळे झाकून मागवा. थाळी घेतलीत तर चपातीऐवजी तांदळाची भाकरी मागा. थोडा वेळ लागतो, पण रस्सा तिच्यासोबतच खाण्याचा आहे.

पावसाळ्यात मासे खावेत का?

पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक बोटींना मासेमारीची बंदी असते. हा माशांच्या विणीचा काळ, आणि समुद्रही खवळलेला. मग जूनमध्ये ताटात सुरमई येते कुठून? बराचसा माल बर्फातला, साठवलेला. पूर्व किनाऱ्यावरची बंदी १५ एप्रिल ते १४ जून असते, म्हणजे जूनच्या मध्यापासून तिकडचा मासा इकडे येऊ शकतो. तोही बर्फात प्रवास करूनच. बर्फातला मासा वाईट असतो असं नाही, पण पापलेटसाठी दामदुप्पट मोजायचे ते दिवस नव्हेत.

त्या दोन महिन्यांत सुकट, सोडे (सोलून सुकवलेली कोलंबी), सुका जवळा आणि खाडीतल्या चिंबोऱ्या, म्हणजे खेकडे, खा. सोड्यांची खिचडी किंवा वांग्यात घातलेले सोडे पावसात जसे लागतात तसे एरवी लागत नाहीत. नारळी पौर्णिमेनंतर बोटी नियमित झाल्या की मग थाळीकडे वळा.

सोलकढी खरी की रंगाची?

खऱ्या सोलकढीचा रंग फिकट गुलाबी असतो आणि ती थोडा वेळ ठेवली की नारळाचं दूध वर येऊन थर सुटायला लागतो. लसूण-मिरचीचा वास येतो. भडक गुलाबी आणि कितीही वेळ एकजीव राहणारी असेल तर नारळ कमी, बाकीचं जास्त.

आगरी-कोळी जेवण ठाण्यातच मिळतं म्हणे. कुठे?

हा प्रश्न विचारणारे कमी, म्हणूनच त्याचं उत्तर मोठं देते. ठाणं हे आगरी-कोळ्यांचं गाव. चेंदणी कोळीवाडा स्टेशनला लागून, खाडीच्या काठी आहे. बाळकुम, कोलशेत, ढोकाळी, माजिवडा ही नावं आज टॉवरच्या जाहिरातींत दिसतात, पण ती मुळात गावं आहेत आणि टॉवरच्या पायथ्याशी गावठाणं अजून नांदती आहेत.

या गावांच्या आसपास लहान खानावळी आहेत, काही घरातूनच चालतात. पाटी छोटी, टेबलं चार-पाच. स्वयंपाक घरच्या बायका करतात. अशा एका ठिकाणी चूल दारातूनच दिसते. बाई तांदळाच्या पिठाची उकड मळून, पाण्याचा हात लावत, परातीत भाकरी थापतात. ती इतकी पातळ होते की उचलताना फाटेल असं वाटतं, पण हाताच्या एका झोक्यात तव्यावर जाऊन पडते आणि टम्म फुगते. ताटात येते तेव्हा पापुद्र्यातून वाफ निघत असते. सोबत आगरी मसाल्यातलं मटण, नाहीतर चिंबोरीचा रस्सा, वजरी (बोकडाची आतडी), जवळा. घरोघरी वर्षाचा मसाला उन्हाळ्यात कुटून ठेवलेला असतो, त्यामुळे दोन खानावळींचा रस्सा कधीच सारखा लागत नाही.

जाताना आधी फोन करा. चिंबोऱ्या, वजरी रोज नसतात, आणि भाकऱ्या माणसं मोजून थापल्या जातात. दुपारी दोननंतर जाऊन 'संपलं?' म्हणून हिरमुसण्यात अर्थ नाही. घोडबंदरच्या सोसायट्यांतली मंडळी रोज या गावांतून गाडी काढतात आणि जेवायला मात्र मॉलमध्ये जातात, याचं मला फार वाईट वाटतं. ज्यांच्या जमिनीवर आपण राहायला आलो त्यांच्या हातचं एकदा तरी जेवावं.

श्रावणात, उपवासाला, जैन खाणाऱ्या पाहुण्यांना कुठे न्यावं?

आषाढ संपायच्या आधीच्या रविवारी, गटारीला, मांसाहारी हॉटेलांत उभं राहायला जागा नसते. त्यानंतर श्रावणभर आणि गणपती होईपर्यंत तिथे शुकशुकाट. काही मालक याच काळात रंगरंगोटी उरकतात, तेव्हा फोन करून जा. तुम्ही श्रावण पाळत नसाल तर निवांत जेवायला याहून चांगला महिना नाही.

उपवासासाठी नौपाड्यातली मराठी उपाहारगृहं: साबुदाणा खिचडी, थालीपीठ, उपवासाची मिसळ, पियूष. संकष्टीला संध्याकाळी आणि अंगारकीला दिवसभर उकडीच्या मोदकांना मागणी असते, आदल्या दिवशी सांगून ठेवा. न सांगता ऐनवेळी गेलात तर तळणीचे मिळतील.

जैन पद्धतीचं खाणं ठाण्यात अवघड नाही, गुजराती-जैन वस्ती जुनी आहे. पावभाजीत बटाट्याऐवजी कच्चं केळं घालून देतात. पण 'जैन' म्हणजे फक्त कांदा-लसूण नको की कुठलंही कंदमूळ नको, ते स्पष्ट सांगा. आणि रस्सा वेगळा करतात का तेही विचारा, कारण बऱ्याच ठिकाणी ग्रेव्ही सकाळीच एकत्र केलेली असते.

रविवारी रात्री तासभर रांग असते. उपाय?

साडेसातला पोचा. साडेआठ ते दहा ही सगळ्या ठाण्याची वेळ. दारात नाव लिहून घेतात, तिथे माणसांचा आकडा खरा सांगा. चार सांगून सात जण आत शिरलात तर तुमचाच खोळंबा होतो. दुसरा उपाय सोपा: मंगळवारी किंवा बुधवारी जा. तोच स्वयंपाकी, तेच सामान, पण हात घाईत नसतो. मालकाशी दोन शब्द बोलता येतात. हॉटेल आवडलं की नाही हे मी कधीच रविवारी ठरवत नाही.

नाटकाला जातोय. आधी जेवावं की नंतर?

रात्रीचा प्रयोग असेल तर आधी. गडकरी रंगायतन तलावपाळीला आहे, तिथून राम मारुती रोड आणि गोखले रोड चालत गाठता येतात. संध्याकाळी साडेसहाला पोटभर नाश्ता करा, मध्यंतरात बटाटेवडा आहेच. प्रयोग सुटेपर्यंत अकरा वाजतात आणि तोवर बहुतेक स्वयंपाकघरांत शेवटची ऑर्डर होऊन भांडी घासायला पडलेली असतात. घाणेकर नाट्यगृहाला जाणाऱ्यांनाही हेच.

येऊरला रात्री जेवायला जावं का?

दुपारी जा. येऊर हा संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा भाग आहे. रात्री वनखात्याच्या चौकीवर बाहेरच्यांना अडवतात, आणि अडवायलाच हवं. तिथे बिबट्यांचा वावर आहे, आदिवासी पाडे आहेत. गाण्यांचा दणदणाट आणि गाड्यांचे दिवे त्या जंगलाला नकोत.

गाडी न्यावी की रिक्षा?

नौपाडा, राम मारुती रोड, स्टेशन परिसर: रिक्षा किंवा टीएमटी, म्हणजे ठाणे महापालिकेची बस. गाडी लावायला जागा मिळत नाही आणि उचलून नेली तर जेवणापेक्षा दंड जड जातो. स्टेशनबाहेरच्या सॅटिस पुलाखाली उतरून चालत जा.

बिलावर कुठले कर असावेत?

साध्या रेस्टॉरंटात जीएसटी ५ टक्के: अडीच केंद्राचा, अडीच राज्याचा. १५ नोव्हेंबर २०१७ पासून एसी असो वा नसो, दर हाच. म्हणजे ८०० रुपयांच्या जेवणावर २० आणि २०, एकूण ४० रुपये. एका रात्रीचं भाडं ७,५०० रुपयांहून जास्त असलेल्या मोठ्या हॉटेलांतल्या रेस्टॉरंटला १८ टक्के.

छोटी हॉटेलं बरेचदा कंपोझिशन योजनेत, म्हणजे छोट्या व्यावसायिकांसाठीच्या जीएसटीच्या सोप्या योजनेत असतात. तो कर मालकाने स्वतःच्या खिशातून भरायचा असतो, गिऱ्हाइकाकडून वेगळा घेता येत नाही. बिलावर कंपोझिशनचा उल्लेख असूनही जीएसटीची ओळ दिसली तर विचारा. मद्यावर जीएसटी लागत नाही, राज्याचा व्हॅट लागतो. परमिट रूममधला हा व्हॅट १ नोव्हेंबर २०२३ पासून ५ वरून १० टक्क्यांवर गेला. म्हणून जेवण आणि मद्य यांची बेरीज बिलात वेगवेगळी दिसली पाहिजे.

सर्व्हिस चार्ज द्यावाच लागतो का?

नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ रोजी सांगितलं की हा आकार बिलात आपोआप लावता येणार नाही. हॉटेल संघटना दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या, आणि २८ मार्च २०२५ रोजी न्यायालयाने प्राधिकरणाची बाजू उचलून धरली. तरीही कुठे कुठे दहा टक्के लावलेले दिसतात. ८०० च्या बिलावर ८० रुपये वाढतात आणि मग ८८० वर ४४ रुपये जीएसटी लागतो, म्हणजे करही फुगतो. शांतपणे 'हे काढून द्या' म्हणायचं. नाहीच ऐकलं तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५.

ठाण्यातल्या जुन्या हॉटेलांत हा प्रकार जवळजवळ नाहीच. नव्या, झगमगीत जागी बघून घ्या.

पाण्याची बाटली घ्यावीच लागते?

बसल्याबसल्या वेटर बाटली फोडायला घेतो, तेव्हा 'साधं पाणी द्या' म्हणा. बाटली घेतलीत तर छापील किमतीपेक्षा जास्त आकारलं म्हणून भांडून उपयोग नाही. हॉटेल-रेस्टॉरंटात बसून घेतलेल्या बाटलीला छापील किमतीचं बंधन नाही, असा सर्वोच्च न्यायालयाचा डिसेंबर २०१७ चा निकाल आहे.

टिप किती?

राईस प्लेट, मिसळ, डोसा: दहा-वीस रुपये. कुटुंबासह निवांत जेवलात तर बिलाच्या पाच ते दहा टक्के. बिल यूपीआयने भरा, टिप मात्र रोख, वाढणाऱ्याच्या हातात द्या. ही मुलं कर्नाटकातून, उत्तर प्रदेश-बिहारमधून, ओडिशातून, नेपाळहून आलेली असतात आणि बरीच हॉटेलच्याच माळ्यावर झोपतात. त्यांना चुटकी वाजवून बोलावू नका. 'भाऊ' म्हणा, नाव विचारलंत तर अजून चांगलं.

जेवणात काही निघालं किंवा नंतर पोट बिघडलं तर?

केस, खडा, माशी दिसली की खाणं थांबवा, ताट तसंच ठेवा, फोटो काढा, गल्ल्यावर जाऊन सांगा. चांगला मालक ताट बदलून देतो आणि त्या पदार्थाचे पैसे घेत नाही. आरडाओरडा करून वेटरला झापण्याने काही साधत नाही, स्वयंपाकघर त्याच्या ताब्यात नसतं.

पोट बिघडलं तर बिल जपून ठेवा आणि डॉक्टरांची चिठ्ठी घ्या. हॉटेलच्या बिलावर अन्नसुरक्षा परवान्याचा १४ अंकी क्रमांक छापणं १ जानेवारी २०२२ पासून सक्तीचं आहे. तक्रार करताना तो लागतो. राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाचा टोल फ्री क्रमांक १८००२२२३६५. एकाच जागी जेवलेले दोन-चार जण आजारी पडले असतील तर तक्रार टाळू नका. तुमच्यानंतरही तिथे कुणीतरी मुलाला घेऊन जाणार असतं.

अ‍ॅपवरून मागवलं तर तेच जेवण घरी येतं. जायचं कशाला?

तेच येत नाही. डोसा डब्यात दहा मिनिटांत चामट होतो, भाकरी वातड होते, मिसळीचं फरसाण वेगळं बांधून दिलं तरी रस्सा कोमट असतो. शिवाय अ‍ॅप कंपनी हॉटेलकडून दलाली घेते. ती भरून काढायला बरेच मालक अ‍ॅपवर दर वाढवून लावतात, वर पोचवण्याचा आणि इतर आकार. मेनूकार्ड समोर ठेवून एकदा स्वतः ताडून बघा.

पाऊस, आजारपण, उशिरा आलेली गाडी, अशा वेळी मागवावंच. पण रोजची सवय झाली की छोट्या हॉटेलचा गल्ला आटतो. मालकाला जागेचं भाडं, १९ किलोचा व्यावसायिक सिलिंडर, माणसांचे पगार हे सगळं टेबल रिकामं असलं तरी द्यायचंच असतं. जवळ राहत असाल तर थेट हॉटेलला फोन करून पार्सल सांगा आणि चालत जाऊन आणा.

ऑनलाइन स्टार बघून जावं का?

पत्ता आणि वेळ बघा. स्टारवर फार विसंबू नका. खानावळीला कमी स्टार देणाऱ्यांच्या तक्रारी वाचल्या तर 'एसी नाही', 'टेबल दुसऱ्यांसोबत वाटून घ्यावं लागलं' अशा असतात. अडीच वाजताही दारात बँकेतली, दुकानांतली माणसं उभी आहेत का, हे बघितलं तर जास्त कळतं. रोज दुपारी तिथेच जेवणारा माणूस खराब अन्न दोन दिवसांत ओळखतो आणि जागा बदलतो.

केळवण बाहेर करायचं आहे. कसं ठरवावं?

नौपाडा-घंटाळी भागातल्या मराठी जेवणाच्या हॉटेलांत केळवणं सर्रास होतात. ताटाभोवती रांगोळी, औक्षणाचं तबक, नवरा-नवरीसाठी सजवलेलं ताट असं सगळं करून देतात. आठ-दहा दिवस आधी जाऊन समोरासमोर बोला. किती ताटं पक्की धरायची, कमी माणसं आली तर किती पैसे, पुन्हा वाढणार की मोजून, गोडाला काय, बसायला किती वेळ: हे कागदावर लिहून घ्या आणि मगच आगाऊ रक्कम द्या. लग्नसराईत शनिवार-रविवार आधीच भरलेले असतात. दुपारची वेळ घेतलीत तर जागा निवांत मिळते आणि वडीलधाऱ्यांनाही सोसते.

आजी-आजोबांना न्यायचं आहे. काय बघावं?

पायऱ्या आणि संडास. चांगल्या चांगल्या हॉटेलांचा एसी विभाग अरुंद जिन्याने वर असतो आणि संडास त्याच्याही मागे. फोनवर सरळ विचारा. खालचं, दाराजवळचं, पंख्याखालचं नसलेलं टेबल मागा. स्पीकरचा आवाज कमी करायला सांगायला संकोचू नका. आजोबांना ऐकू येत नसेल तर एकत्र जेवण्यातली गंमत निघून जाते. त्यांच्यासाठी वरण-भात वेगळा मिळेल का विचारा. मेनूत नसला तरी करून देतात, अगदी मासळीच्या हॉटेलातही.

आमचं आवडतं हॉटेल अचानक बंद दिसलं. कायमचं गेलं का?

असेलच असं नाही. नौपाड्यात जुन्या इमारती पुनर्विकासाला जातायत आणि तळमजल्यावरची हॉटेलं त्यांच्यासोबत हलतायत. काही जवळच्या गल्लीत तात्पुरती जागा घेतात, काही इमारत पूर्ण होईपर्यंत थांबतात, काही परत येत नाहीत. पत्र्याच्या कुंपणावर लावलेला फलक वाचा, शेजारच्या पानवाल्याला विचारा, जुन्या बिलावरचा नंबर फिरवा. नवी जागा सापडली तर पहिल्याच महिन्यात जाऊन या आणि ओळखीच्यांना पत्ता कळवा. जागा बदलल्यावरचे सुरुवातीचे महिने सगळ्यात कठीण असतात, नेहमीची गिऱ्हाइकं पांगलेली असतात आणि नव्या जागेचं भाडं वाढलेलं असतं. अशा वेळी दहा ठाणेकर कुटुंबं ठरवून आठवड्यातून एकदा गेली तरी मालकाला उभं राहता येतं.

पार्सलला घरचा डबा चालतो का?

चालतो. बहुतेक ठिकाणी आनंदाने भरून देतात, कारण त्यांचाही डब्याचा खर्च वाचतो. २०१८ पासून राज्यात प्लास्टिकबंदी आहे. रश्श्याला झाकणाचा स्टीलचा डबा, भाकरीला फडकं, भजी-वड्याला कोरा कागद न्या. वर्तमानपत्राच्या कागदात देऊ लागले तर नको म्हणा, शाई तेलात उतरते. डबा देताना आधी 'किती माणसांचं?' ते सांगा, म्हणजे रस्सा बेताने भरतात. आणि उरलेलं जेवण बांधून मागायलाही हाच डबा उपयोगी पडतो, पिशवीत एक कायम टाकून ठेवा.